कार्बाइन, कोबी आणि रीश बाई

पोलीस आणि पब्लिक एकाच रांगेत उभे राहून एकाच दिशेला गोळ्या झाडताहेत, हे दृश्य आमच्या लॉरेल फोर्क टाउनशिपमध्ये पहिल्यांदा मी घडवून आणलं. 'एकाच दिशेला' या शब्दांवर वाचकांनी थोडा जोर द्यावा. लोक अजून विचारतात, "क्लेट, तू विमा विकणारा माणूस. तुला हे कोणी सांगितलं होतं?" कोणीच नाही. मोठी कामं कोणी सांगून होत नसतात.

झालं असं की आमच्या स्पोर्ट्समेन्स क्लबच्या नेमबाजीच्या रेंजविरुद्ध रीश बाईंनी टाउनशिप बोर्डाकडे तक्रार केली. रेंज दरीत आहे आणि दरीच्या वरच्या अंगाला बाईंचं घर. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो त्या दिवशी आमच्याकडे शाळेला सुट्टी असते, तेव्हा बंदुकीचा आवाज इथे कोणाला नवा नाही. पण बाईंना तो शनिवारी नको होता. रविवारी तर नकोच होता. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं, उरलेल्या निम्म्याच्या आईबापांना. त्यामुळे बोर्डाचे तिन्ही सभासद त्यांच्यासमोर अजूनही सरळ बसतात. बोर्डाचे अध्यक्ष क्लिंगर यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "क्लेट, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी मत घ्यावं लागेल. त्याच्या आत रेंजचा गावाला काही उपयोग आहे असं दाखव. नाहीतर कुलूप."

मी क्लबचा सेक्रेटरी. माझ्या आजोबांनी त्या रेंजचा मातीचा बांध फावड्याने रचला. वडील तिथेच नेम धरायला शिकले. आणि माझ्या कारकिर्दीत तिला कुलूप लागणार? क्लबच्या भिंतीवर सगळ्या सेक्रेटरींचे फोटो आहेत. माझा शेवटचा असणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

त्या रात्री जेवताना मला सुचलं. गावच्या पोलिसांकडे कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली आहेत, पण त्या चालवायचा सराव करायला जागा नाही. आपण तीन दिवसांचं शिबिर भरवायचं. शुक्रवार ते रविवार. बाहेरून चांगला शिक्षक आणायचा, पोलिसांना बोलवायचं आणि क्लबच्या सभासदांनाही त्याच रांगेत उभं करायचं. पोलीस जिथे शिकतात ती जागा कोणतं बोर्ड बंद करेल?

"किती माणसं?" माझी बायको डार्लीन म्हणाली.

"अठरा."

"म्हणजे चाळिसांचं जेवण." आणि तिने लगेच बर्निस मावशीला फोन लावला. बर्निस मावशी हलुष्की करते. कोबी, शेवया आणि लोणी. हे तिन्ही पदार्थ एकत्र आले की ती हात आवरू शकत नाही.

मी पोलीस चीफ नॉर्बर्ट कुश्नरला भेटायला गेलो. उंच, देखणा माणूस. त्याला स्वतःला हे माहीत आहे.

"म्हणजे माझी माणसं तुमच्या क्लबातल्या त्या दातांच्या डॉक्टरच्या शेजारी उभी राहणार?" तो म्हणाला.

"एकाच रांगेत, चीफ."

"शेजारी चालेल. मागे नको."

गावात बातमी फुटायला मला पोस्टात जाऊन येण्याइतका वेळ लागला. परत येईपर्यंत सल्ले सुरू झाले होते. क्लबचे म्हातारे अध्यक्ष मर्व्ह म्हणाले, "रॅफल ठेव. चिठ्ठी काढायची, बक्षीस डुकराचं हॅम. हॅम असल्याशिवाय इथे कोणी येत नाही." मी म्हटलं, मर्व्हकाका, लोक बंदूक शिकायला येणार आहेत. ते म्हणाले, "बंदूक त्यांच्या घरी आहे. हॅम नाही." शेजारचा पाद्री म्हणाला, रविवारी प्रार्थनेनंतरच सुरू करा, आणि शक्यतो हळू आवाजात. हार्डवेअरच्या दुकानातल्याने मला न मागता मापाच्या टेपचे दोन प्रकार दाखवले. न्हाव्याने तर अर्धे केस कापून झाल्यावर सांगितलं की त्याच्या मेव्हण्याने असंच शिबिर भरवलं होतं, आणि तो आता फ्लोरिडात राहतो. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. उरलेले अर्धे केस कापेपर्यंत मी त्याच विचारात होतो.

मग सरकारी बाजू. अठरा रायफली एका ठिकाणी आणायला आमच्याकडे कोणाची परवानगी लागत नाही. दोन फिरते संडास आणायला लागते. सॅनिटरी ऑफिसरने विचारलं, "ठेवणार कुठे?" मी म्हटलं, रेंजवर. "रेंजवर कुठे?" मी नकाशा काढून दिला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि शिक्का मारला. या नकाशाबद्दल पुढे थोडं बोलावं लागेल.

विम्याचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण क्लबचा विमा माझ्याच ऑफिसातून उतरवलेला. सेक्रेटरी म्हणून मी विनंती केली आणि एजंट म्हणून ती शंकेखोर नजरेने वाचली. दोन दिवस माझं माझ्याशी नीट बोलणं होत नव्हतं. शेवटी माझ्यातल्या एजंटाने माझ्यातल्या सेक्रेटरीला एक अट घातली. फाटकातून जो आत येईल, नेमबाज असो, स्वयंपाकीण असो की नुसता बघ्या असो, त्याने सुरक्षेचं भाषण पहिल्यांदा ऐकलंच पाहिजे. पुढे जे काही चांगलं घडलं ते या अटीमुळे घडलं. गावात याचं श्रेय वेगवेगळ्या लोकांना दिलं जातं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

शिक्षक आला नेव्हाडातून. ओरिन स्लेगल. पूर्वी मरीन सैनिक. इतकं कमी बोलणारा की फोनवर मला दोनदा वाटलं लाइन तुटली.

शुक्रवारी सकाळी मी फाटक उघडलं तेव्हा धुकं होतं. ते जरा हललं आणि बांधासमोर, जिथे टार्गेटं उभी करायची बरोब्बर तिथे, दोन निळे संडास दिसले. दारं आमच्याकडे करून.

स्लेगलने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हा सरावाचा भाग आहे का, मिस्टर हॅवरिला?"

मी ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, नकाशाप्रमाणे ठेवले आहेत, आता सोमवारी येईन. नकाशा मी काढला होता हे खरं. उत्तर दिशा कागदाच्या वरच असावी असा अलीकडे आग्रह दिसतो. मी ती खाली घेतली होती, कारण क्लबमधून बघताना ती खालीच वाटते. मग मी सॅनिटरी ऑफिसरला फोन केला. तो म्हणाला, जागा बदलायची तर नवा अर्ज, आणि त्याला आठवडा लागेल.

मागे चीफ उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"क्लेट, ते जागेवरून हलले हे कोणी पाहिलंच नाही तर?"

"तुम्ही पोलीस आहात, चीफ."

"म्हणून तर विचारतोय. इथे पाहणारा मीच आहे."

आणि त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. अर्ध्या तासापूर्वी एकमेकांशी न बोलणारे पोलीस आणि क्लबवाले संडासाच्या चारी कोपऱ्यांना लागले. दातांचे डॉक्टर प्रुइट मागून "सावकाश! तिरका होतोय!" असं ओरडत होते, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी हेल्मेट, गुडघ्यांची कवचं, कोपरांची कवचं आणि छातीवर एक जाकीट असं सगळं चढवलं होतं. त्या जाकिटाला एवढे खिसे होते की लागणारी वस्तू कोणत्या खिशात आहे हे सापडेपर्यंत युद्ध संपून तह झाला असता. आमच्या गावच्या पेपरात शिबिराचा जो एकमेव फोटो छापून आला तो याच प्रसंगाचा आहे. खाली लिहिलं आहे, 'पोलीस आणि नागरिक यांचं सहकार्य'. डावीकडून तिसरी पाठ माझी.

मग स्लेगलचं भाषण झालं. सगळ्यांसाठी. पिरोगी नावाच्या बटाट्याच्या करंज्या तळायला आलेल्या बायकांनाही कढया उतरवून यावं लागलं. बंदूक कशी धरायची, तोंड कुठे ठेवायचं, बोट कधी कुठे. शेवटी तो म्हणाला, "आता सगळ्यात मोठा नियम. काही चुकतंय असं कोणालाही वाटलं तर त्याने हात वर करून ओरडायचं, 'फायर बंद!' जो ऐकेल त्याने तेच ओरडायचं. आणि सगळ्यांनी थांबायचं. लगेच. कारण नंतर विचारायचं."

"कोणीही म्हणजे?" चीफने विचारलं.

"जो माझं भाषण ऐकतोय तो कोणीही."

चीफने कढईवाल्या बायकांकडे पाहिलं.

"आणि जो थांबणार नाही," स्लेगल म्हणाला, "तो घरी जाईल. मग तो कोणीही असो. ज्याने थांबवलं त्याला मात्र कोणी एक शब्द बोलायचा नाही. कारण चुकीचं असलं तरी नाही. आज बोललात तर उद्या तो गप्प बसेल, आणि उद्याचं कारण खरं असेल."

एवढं एका दमात बोलल्यावर दुपारपर्यंत त्याने दोन-तीन शब्दांवरच भागवलं.

सकाळचा वेळ नेम आणि नळीची जुळणी करण्यात गेला. पोलिसांच्या रायफली गाडीच्या डिकीत, जंपर केबल आणि नारिंगी कोनांच्या खाली, अपघातात घाबरलेल्या मुलांना द्यायच्या टेडी अस्वलाला टेकून वर्षभर पडून असतात. प्रत्येक खड्ड्यात नेम थोडा थोडा सरकत जातो, आणि आमच्या रस्त्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही. पहिल्या फेरीनंतर सगळे टार्गेटं बघायला गेले. चीफचं टार्गेट कोरं करकरीत होतं. शेजारच्या टार्गेटसमोर डॉक्टर प्रुइट हरखून उभे होते.

"डॉक्टर," स्लेगल म्हणाला, "किती गोळ्या झाडल्या?"

"दहा!"

"भोकं मोजा."

डॉक्टरांनी मोजली. पुन्हा मोजली. "सोळा!" आणि जरा थांबून, विनयाने, "हे चांगलंच आहे ना?"

चीफ त्या वेळी आकाशात काहीतरी बघत होता.

दुपारपर्यंत नेम जुळले. आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. अठरा माणसं एका ओळीत. बसचालक, डॉक्टर, चीज कारखान्यातला एक, चीफ, त्याच्या खात्यातली सर्वांत तरुण शिपाई जोलीन. स्लेगलच्या एका शब्दावर सगळे एकदम गुडघ्यावर. बांधावर धुळीची एकच रेघ उठली. माझ्या आजोबांचा बांध! मी रुमाल काढून डोळे पुसले. डार्लीन म्हणाली, ते दारूच्या धुराने होतं. ती बंदुकीच्या दारूबद्दल म्हणत होती, पण ते तिने स्पष्ट केलं नाही, आणि ऐकणाऱ्यांत पाद्री होते.

शनिवारी नियमाची परीक्षा सुरू झाली. पहिल्यांदा डॉक्टरांनी फायर बंद केलं, कारण कॉलरमध्ये गांधीलमाशी शिरली होती. सगळे थांबले. डॉक्टरांचं चिलखत उतरवायला दोन पोलीस लागले. मग बसचालकाने थांबवलं, कारण एक टार्गेट वाऱ्याने पडलं होतं. हे ठीक होतं. पण दुपारी चीफ चालत चालत नेम धरण्याच्या ऐन रंगात आला होता, आणि मागून खणखणीत आवाज आला, "फायर बंद!"

ओळीभर तीच हाक फिरली. सगळे थांबले. बर्निस मावशी हात वर करून उभी होती. हातात डाव.

"कारण?" स्लेगलने विचारलं.

"हलुष्की निवतेय."

मी जमिनीकडे पाहिलं. चीफच्या नाकपुड्या फुगल्या. स्लेगलने थोडा विचार केला.

"आभारी आहे, मॅडम," तो म्हणाला. "रायफली रिकाम्या करा. जेवायला चला."

जेवताना चीफ माझ्या शेजारी येऊन बसला. "क्लेट, पोलीस खात्याला कोबीसाठी थांबवायचं? सतरा वर्षं नोकरी केली मी. उद्या क्लिंगर येणार आहे. उद्या जर पुन्हा कोणी मला असं थांबवलं, तर मी थांबणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"मग तो तुम्हाला घरी पाठवेल."

"माझ्याच गावात? पाठवू दे."

"आणि मंगळवारी माझ्या रेंजला कुलूप लागेल, चीफ."

 त्याने हलुष्की दुसऱ्यांदा वाढून घेतली.

त्याला एक दुखणं होतं, ते मला जोलीनने सांगितलं. शेवटच्या दिवशी घड्याळ लावून एक परीक्षा असते. त्यात जो उतरेल त्यालाच गाडीत कार्बाइन ठेवता येईल, असा नियम चीफने स्वतः काढला होता. शनिवारच्या सरावात जोलीन उतरली. डॉक्टर प्रुइट उतरले, स्वतःला आश्चर्य वाटून. चीफ दोनदा नापास झाला होता.

रविवारी प्रार्थना आटोपून क्लिंगर आले, आणि त्यांच्या मागोमाग फाटकातून रीश बाई आल्या. त्यांना साक्षीदार म्हणून बोलवा, असं बोर्डाचंच म्हणणं होतं. काखेत घडीची खुर्ची. डोक्याला हॅट. हातात आवाज मोजायचं यंत्र आणि ते ठेवायला संगीताच्या वह्या ठेवतात तसला पत्र्याचा स्टँड. बाई शाळेत संगीत शिकवत.

"बाई, आत यायचं तर आधी भाषण ऐकावं लागतं," मी म्हटलं. मी शाळेत असताना त्यांना जेवढा घाबरत होतो, त्याहून किंचितच कमी घाबरत होतो.

"कोणाचं?"

"यांचं." मी स्लेगलकडे बोट केलं.

त्यांनी सगळं भाषण उभं राहून ऐकलं. शेवटी एकच प्रश्न विचारला. "कोणीही थांबवू शकतं?"

"कोणीही, मॅडम."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

"हं," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची उलगडून बसल्या.

डार्लीन माझ्या कानाशी आली. "संपलं. आता ती दर दोन मिनिटांनी थांबवणार. तो चीफ थांबणार नाही. आणि क्लिंगर हे सगळं बघणार. तुझ्याच अटीने तू तिला शिट्टी दिलीस."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, पण बाई खुर्चीवर बसल्यानंतर.

सकाळभर माझं अर्धं लक्ष टार्गेटांवर आणि अर्धं बाईंच्या उजव्या हातावर होतं. तो हात हॅटकडे गेला की माझा श्वास अडके. नाकाकडे गेला की अडके. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. फक्त मधूनमधून यंत्रावरचा आकडा बघून ओठ मिटायच्या. बर्निस मावशीने त्यांच्यापुढे हलुष्कीची बशी नेली. त्यांनी ती घेतली. क्लिंगरही एका बशीच्या मागे उभे होते.

दुपारी चीफची शेवटची संधी आली. घड्याळ लागलं. आधी उभ्याने, मग चालत, मग गुडघ्यावर, मग आडवं पडून. मी नॉर्बर्ट कुश्नरला लहानपणापासून ओळखतो, पण त्याला असं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. घाई नाही, ढिलाई नाही. गोळी मध्यात. पुढची मध्यात. जोलीन हलक्या आवाजात मोजत होती. उरलेली ओळ आपापल्या टार्गेटवर चालू होती. चीफ पोटावर पडला, नेम धरला. एकच गोळी राहिली होती.

"फायर बंद!"

तो आवाज मोठा नव्हता. पण स्वच्छ होता, आणि बरोबर मापात. रीश बाई उभ्या होत्या. उजवा हात वर गेला होता, आणि मी पाहिलं तेव्हा तो हवेत एक लहान गोल काढून खाली आला.

जोलीनने हाक उचलली. डॉक्टरांनी उचलली. बसचालकाने उचलली. एकामागून एक रायफली खाली झाल्या. मी चीफकडे पाहत होतो. सगळेच पाहत होते. घड्याळ चालू होतं. त्याचं बोट चापावरच होतं, मान लाल झाली होती, आणि मला क्लबच्या भिंतीवरचा माझा शेवटचा फोटो दिसत होता.

चीफने बोट उचललं. "फायर बंद," तो मातीत तोंड घालून म्हणाला, आणि रायफल खाली ठेवली.

दरीत इतकी शांतता झाली की क्लिंगरच्या बशीवर काटा ठेवल्याचा आवाज आला.

"कारण, मॅडम?" स्लेगलने विचारलं.

"कासव आहे."

खरंच होतं. डब्यासारख्या पाठीचं, ठिपके ठिपके असलेलं, टार्गेटांच्या आणि आमच्या मधोमध, कोणाचीही पर्वा न करता ओढ्याकडे चाललेलं. स्लेगलने रायफली तपासल्या, मग तो चालत गेला, कासव दोन्ही हातांनी उचललं आणि आमच्याकडे घेऊन निघाला.

"इकडे नाही!" बाई म्हणाल्या.

स्लेगल थबकला.

"त्याला पलीकडेच सोडा, साहेब," चीफ उठता उठता, गुडघे झटकत म्हणाला. "ते जिकडे चाललं होतं तिकडे. इकडे आणलंत तर ते पुन्हा निघेल. इथे असंच करतात."

सगळ्या ओळीने माना हलवल्या. या एका बाबतीत पोलीस, क्लब आणि बाई यांचं आधीपासून एकमत होतं, फक्त तसा प्रसंग आला नव्हता. स्लेगलने कासव पलीकडे नेऊन ओढ्याकडे तोंड करून ठेवलं. ते लगेच निघालं नाही. त्याने आधी विचार केला. अठरा सशस्त्र माणसं, टाउनशिपचे अध्यक्ष आणि परातभर हलुष्की तोपर्यंत थांबली. मी उभ्या आयुष्यात इतका अभिमान कोणत्याही गोष्टीचा बाळगला नव्हता. तो मला एका कासवाकडे बघताना वाटला, याची नोंद कोणी घेतली नाही.

मग स्लेगल म्हणाला, "चीफ, पुन्हा सुरुवातीपासून." चीफ जागेवर गेला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा चालला, पुन्हा पडला. या खेपेला तो कसाबसा, काठावर पास झाला. जोलीनने टाळ्या वाजवल्या, आणि मग चीफने तिच्याकडे पाहिल्यावर थांबवल्या. हॅम मर्व्हकाकांना लागलं. रॅफलची चिठ्ठी त्यांनीच काढली होती, पण त्याबद्दल त्या दिवशी कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

मंगळवारी बोर्डाच्या बैठकीला मी भाषण लिहून गेलो होतो. चांगलं होतं. त्यात माझे आजोबा होते, त्यांचं फावडं होतं आणि शेवटी देशही होता. क्लिंगर म्हणाले, "आधी तक्रारदार." रीश बाई उठल्या. तिन्ही सभासद सरळ बसले.

"आवाजाबद्दल मी म्हटलं होतं ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या यंत्रावर आकडे आहेत. पण मला दुसरं सांगायचंय. तेहतीस वर्षं मी शाळेचा बँड शिकवला. हात खाली आला की सगळ्यांनी थांबायचं, एवढंच मी मुलांना शिकवत होते. बासरीवाल्या मुली थांबायच्या. ढोलवाले उशिरा का होईना थांबायचे. ट्रम्पेटवाले कधी थांबले नाहीत. एकदाही नाही."

खोलीत मागे चीफ उभा होता. आख्खी खोली वळून त्याच्याकडे बघू लागली. तो स्वतःच्या टोपीच्या आत काहीतरी शोधत होता.

"रविवारी मी हात खाली केला," बाई म्हणाल्या, "आणि बंदुका घेतलेली अठरा माणसं थांबली. एका कासवासाठी. त्यात ट्रम्पेटवालाही थांबला. जी माणसं थांबतात त्यांच्या आवाजाची मला भीती वाटत नाही. सकाळी दहाच्या आधी नको, रविवारी एकच्या आधी नको. एवढं पाळणार असतील तर माझी तक्रार नाही. आणि हे शिबिर दरवर्षी व्हावं."

मत घ्यायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ क्लिंगरना चष्मा पुसायला लागला. तिघेही बाजूने. माझं भाषण माझ्या खिशातच राहिलं. क्लिंगरनी 'शिबिराचे आयोजक' यांचे आभार मानले, नाव त्यांना आठवलं नाही. माझं मन मोठं आहे. रेंज उघडी राहिली, ती माझ्या अटीने, माझ्या शिबिराने, माझ्या नकाशाने सुद्धा, कारण ते संडास उचलले नसते तर ते लोक एकमेकांशी बोललेच नसते. हे मी डार्लीनला त्या संध्याकाळी तीन वेळा समजावून सांगितलं.

बाहेर पार्किंगमध्ये बाई गाडीचं दार उघडत होत्या. चीफ त्यांच्यापर्यंत गेला. टोपी हातातच होती.

"बाई, एक सांगू? ती शेवटची गोळी बरोबर मध्यात जाणार होती."

बाई गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि काच खाली केली.

"तुझा शेवटचा सूरही दरवर्षी बरोबरच लागणार असायचा, नॉर्बर्ट," त्या म्हणाल्या. "थांबलास, ते जास्त छान वाजलं."